महाग्रंथाचा रट्टा

नाटकं चालू असताना एवढी गर्दी झाली असती, तर ते नाट्यगृह बंदच पडलं नसतं. त्या रविवारी सकाळी रांग जी लागली, ती तिकिटाच्या खिडकीपासून थेट रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानापर्यंत. रांगेतला प्रत्येक जण आपला एक हात दुसऱ्या हातात जपून धरून उभा होता, जणू तो हात शेजाऱ्याकडून उसना आणलाय आणि धड परत करायचाय. कुणाच्या मनगटावर वाटाण्याएवढा उंचवटा, कुणाच्या बोटाच्या पेरावर, एका गृहस्थांनी तर मोजा काढून पाऊलच पुढे केलेलं. सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती : ग्रंथगुरूंचा रट्टा.

पहिला नंबर बाइंडरताईचा होता. गावात ती याच नावाने ओळखली जायची, कारण पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात ती बारा वर्षं काम करत होती आणि फाटकं पुस्तक घेऊन आलेल्या प्रत्येकाला आधी तीच भेटायची. तिच्या उजव्या मनगटाच्या पाठीवर सुपारीएवढी गाठ होती.

रंगमंचावर निळं कापड घातलेलं टेबल. टेबलावर लाल मखमलीच्या वेष्टनातला महाग्रंथ, उशीएवढा जाड. टेबलामागे ग्रंथगुरू. पांढरा अंगरखा, विंचरून छातीवर पसरलेली दाढी आणि आवाज असा की फलाटावर गाडी सुटल्याची घोषणा व्हावी. बाजूला त्यांचा मदतनीस, बारा महिने गळ्याला मफलर गुंडाळलेला, म्हणून त्याला सगळे मफलरवाला म्हणत.

"बाराशे वर्षांचा ग्रंथ आहे हा!" गुरूंनी सुरुवात केली. "सात लिप्यांत लिहिलाय. त्यातल्या पाच आता जगात कुणालाच येत नाहीत. सहावी फक्त मला येते. आणि सातवी? सातवी ग्रंथ स्वतःच वाचतो!"

टाळ्या पडल्या. सातवी लिपी ग्रंथ कुणाला वाचून दाखवतो, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"अनधिकारी माणसाने हा उघडला, तर त्याची दृष्टी जाते. दोघांची गेलीय. पुढे ये बेटी. काय झालंय?"

"गाठ आलीय," बाइंडरताई म्हणाली.

"गाठ दोरीला असते! माणसाला असतो साठा! जे जे बोलायचं होतं आणि बोलली नाहीस, ते ते खाली उतरत उतरत मनगटात येऊन बसलंय. तू मनातलं मनातच ठेवतेस ना? कुणाला काही सांगत नाहीस ना?"

बाइंडरताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. याला कसं कळलं? नवरा वर्षातले आठ महिने जहाजावर, कारखान्यात यंत्रांचा खडखडाट, घरी सासूबाई दोघींच्या वाटणीचं एकट्या बोलणाऱ्या. तिला बोलायला फट सापडते कुठे? हाच प्रश्न गुरूंनी रांगेतल्या कुणालाही विचारला असता, तरी त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं असतं, हे तिला तेव्हा सुचलं नाही. आपण फार बोलतो असं वाटणारा माणूस जगात अजून जन्मायचाय.

गुरूंनी तिचा हात टेबलावर पालथा ठेवला, मनगट खाली वाकवलं. गाठ टरारून वर आली. दोन्ही हातांनी महाग्रंथ उचलला, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि पुस्तक सपाट खाली आणलं.

धप्प!

तिच्या तोंडून किंकाळी निघाली. पाठोपाठ गुरूंनी ग्रंथाची मखमल तिच्या मनगटावरून फिरवली, दोन बोटांत काहीतरी पकडून वर उचललं. काळाभोर, चकचकीत खडा!

"हे बघा! हा बाहेर आला साठा!"

आणि मनगट? सपाट. दीड वर्षाची गाठ दीड सेकंदात नाहीशी. बाइंडरताईने बोट फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. मफलरवाल्याने लगेच तिचा दुसरा फोटो काढला, पहिला गाठीसकट आधीच काढून ठेवला होता.

तिला भोळी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण तिचं दीड वर्ष ज्याने काढलं नाही त्याने ते म्हणू नये. सुरुवातीला तिला वाटलं डास चावला. मग वाटाणा झाला, मग सुपारी. कामाचा आठवडा जड गेला की गाठ फुगायची, सुट्टीत बसायची. पुठ्ठ्यावर कापड ताणून तळव्याने दाबायला गेली की कळ कोपरापर्यंत जायची. जमिनीवरून हात टेकून उठणं बंद झालं. गिऱ्हाईक आधी तिच्या मनगटाकडे बघायचं, मग स्वतःच्या पुस्तकाकडे. सल्ल्यांना तर ऊत आला होता. कुणी म्हणे तांब्याचं नाणं बांध, कुणी म्हणे सकाळची लाळ लाव, कुणी म्हणे वाईट गाठ असली तर आत्ताच हात काढून टाकलेला बरा.

ती दवाखान्यातही जाऊन आली होती. तिथल्या डॉक्टरांनी अंगठ्याने गाठ दाबली, "गँग्लिऑन. पाण्याची गाठ. काही नाही," एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक मारली. निदान बरोबर होतं, पण जी गाठ सगळ्या रस्त्याला दिसत होती, जिच्यामुळे रात्रीची कूस बदलता येत नव्हती, ती 'काही नाही'? का आली? जाईल का? वाढली तर? हे प्रश्न तोंडात घेऊन ती बाहेर आली. ग्रंथगुरूंनी तिला पुरी सात मिनिटं दिली होती. तिच्या गाठीला त्यांनी 'काही नाही' म्हटलं नव्हतं. त्यांनी तिला कारण दिलं होतं, गोष्ट दिली होती, वर खडासुद्धा दिला होता. तो खडा तिने डबीत कापसावर ठेवला.

आठवड्याभरात नाट्यगृहाच्या दारावर मोठा फलक लागला. डावीकडे गाठीचं मनगट, उजवीकडे सपाट मनगट, मधोमध हसणारी बाइंडरताई. जिला दुकानात कुणी नीट ओळखही दाखवत नव्हतं, तिला लोक वाटेत थांबवून हात दाखवायला सांगू लागले. तीही दाखवायची. का नाही दाखवणार? खोटं तर काहीच नव्हतं. पुस्तक बसलं होतं, गाठ गेली होती. तिच्या सांगण्यावरून शेजारची शिंपीण गेली, कारखान्यातले दोघे गेले, बँकेतली कॅशियर गेली. कुणाची गाठ बसली, कुणाची अर्धी बसली, कुणाचा हात नुसताच काळानिळा झाला. ज्यांची बसली ते चौकात बोलले. ज्यांची बसली नाही ते घरात गप्प राहिले, कारण गुरूंनी आधीच सांगून ठेवलं होतं : "ज्याच्या मनात शंका, त्याचा साठा पक्का." आपण शंकेखोर आहोत हे कोण चारचौघांत कबूल करणार?

चार महिने बरे गेले. पाचव्या महिन्यात एका सकाळी खळ ढवळताना बाइंडरताईला मनगटात ओळखीची ओढ जाणवली. तिने पाहिलं. वाटाणा.

महिनाभरात त्याची सुपारी झाली. तीच जागा, तोच आकार, जणू भाडेकरू गावी जाऊन परत आला.

ती गुपचूप गुरूंना भेटायला गेली. मंचामागच्या रंगपटाच्या खोलीत ते आरशासमोर दाढी विंचरत बसले होते. तिचं मनगट बघून त्यांचा कंगवा क्षणभर थांबला.

"तू शंका घेतलीस."

"नाही हो. मी तर सगळ्यांना सांगत होते."

"मनाच्या तळाशी घेतलीस. तुला कळलंही नसेल. आणि ऐक बेटी, हे कुणाला दाखवलंस, तर त्यांच्या मनात शंका येईल आणि त्यांच्याही गाठी परत येतील. मग ते पाप कुणाच्या माथी?"

पाप आपल्याच माथी, असं समजून ती घरी आली. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा स्वेटर घालू लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, कारखान्यात पंख्याचा वारा फार लागतो. फलकावरची बाई दारावर हसत होती आणि खरी बाई बाही ओढत फिरत होती. या गप्प राहण्याची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागली.

सासूबाई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. चौतीस वर्षं लोकांचे आवाज जोडून दिल्यावर आता सगळा उरलेला आवाज त्यांचा स्वतःचा होता. त्यांच्याही उजव्या हातावर, मनगटाच्या जरा पुढे, एक टणक टेंगूळ होतं. तीस वर्षांपासूनचं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. पण फलकावर सुनेचा फोटो बघून बघून त्यांना ते एकाएकी टोचायला लागलं. सून कारखान्यात गेलेली पाहून एका रविवारी त्या एकट्याच रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

ज्या बाईने सत्तर वर्षांत एक शब्द पोटात ठेवला नव्हता, तिला ग्रंथगुरूंनी सांगितलं, "न बोललेल्या शब्दांचा फार मोठा साठा आहे." पहिला रट्टा बसला. टेंगूळ जागचं हललं नाही. "हट्टी आहे," गुरू म्हणाले. दुसरा बसला. मग अंगरखा सावरून, पाऊल मागे घेऊन तिसरा. 'कट्' असा आवाज झाला आणि महाग्रंथाचा कणाही उसवला. टेंगूळ होतं तिथंच होतं. तरी मखमलीतून काळा खडा निघालाच!

"मूळ निघालं. वरची साल उरलीय, ती गळून पडेल," गुरूंनी निर्वाळा दिला.

साल गळली नाही, हात सुजला. तीन दिवस सासूबाई "महाग्रंथ म्हटल्यावर थोडं दुखणारच" असं म्हणत राहिल्या. चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातून चहाचा कप पडला आणि त्या, आयुष्यात पहिल्यांदाच, काहीही न बोलता नुसत्या कपाच्या तुकड्यांकडे बघत बसल्या. बाइंडरताई घाबरली ती या गप्पपणाला. कारखान्यात निरोप धाडून तिने त्यांना मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई हातांच्याच आजारांच्या होत्या. आखूड केस, चष्मा डोक्यावर सरकवलेला. एक्स-रे दिव्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "कशा पडलात आजी?"

"पडले नाही," सासूबाई म्हणाल्या. "बरी झाले."

सगळी हकिकत ऐकून घेईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "तुमच्या मनगटाचं हाड मोडलंय. या वयात हाडं विरळ होतात, त्यात जोराचा मार. सहा आठवडे प्लास्टर. आणि हे टेंगूळ दिसतंय ना, ही गाठच नाही. तुमचं स्वतःचं हाड इथे जरा वाढलेलं आहे. निरुपद्रवी. त्या माणसाने तीन वेळा तुमच्या हाडावर पुस्तक हाणलं."

"पण माझ्या सुनेची गाठ गेली ना त्याच पुस्तकाने! जाऊन फलक बघा."

बाइंडरताईने स्वेटरची बाही वर केली.

सासूबाई मनगटाकडे बघत राहिल्या. "परत आली? कधी?"

"दोन महिने झाले."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?" त्यांचा आवाज एवढा बारीक झाला होता की बाइंडरताईला तो ओळखूच आला नाही. "एकाच घरात राहून?"

डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला, दिवा बंद केला आणि खिशातला लहानसा टॉर्च बाइंडरताईच्या गाठीला एका बाजूने टेकवला. गाठ आतून लालसर उजळली, उन्हात धरलेल्या द्राक्षासारखी.

"बघा, उजेड आरपार जातोय. आत घट्ट, पारदर्शक द्रव आहे, जेलीसारखा. सांधा सहज हलावा म्हणून आत जे वंगण असतं, जवळपास तेच. सांध्याच्या आवरणातून एक फुगा बाहेर येतो, बारीक देठाने सांध्याला जोडलेला." मग टॉर्च सासूबाईंच्या टेंगळाला लावला. तिथे मिट्ट काळोख. "हाडातून उजेड जात नाही. अर्थात नुसत्या टॉर्चवर मी कधी निदान करत नाही. हात लावून बघते, वाटलं तर सोनोग्राफी करते."

"मग ती गेली कशी?" बाइंडरताईने विचारलं.

"फुगा फुटला. जेली आजूबाजूच्या मांसात पसरली आणि शरीराने जिरवली. फुग्याची पिशवी आणि देठ जागेवरच होते, ते पुन्हा भरले. कुठलंही जाड पुस्तक चाललं असतं, त्यात जादू काही नाही. पूर्वी लोक घरातलं सगळ्यात जड पुस्तक काढून असंच हाणायचे. कुणाची गाठ जायची, कुणाचं हाड जायचं. आणि पुष्कळ गाठी कुणी काहीच केलं नाही तरी काही महिन्यांत, काही वर्षांत आपोआप जातात."

"आणि खडा?"

"ताई, गँग्लिऑनमध्ये खडा नसतो. कातडी फाटली नाही, रक्त आलं नाही, मग खडा बाहेर आला कुठून?"

इतका साधा प्रश्न! सहा महिने तो खडा तिने कापसावर जपला होता आणि हा प्रश्न तिच्या मनाला शिवला नव्हता.

"ही होते कशामुळे?" तिने शेवटचं विचारलं.

"नक्की माहीत नाही," डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या. "काही अंदाज आहेत. खात्रीने सांगता येत नाही."

बाइंडरताईला नवल वाटलं ते याचं. एवढं शिकलेली बाई 'माहीत नाही' म्हणते आणि तरीही तिच्यावर भरवसा बसतो.

दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या दारात मफलरवाला उभा. काखेत लाल मखमल.

"ताई, महाग्रंथाचा कणा उसवलाय. रविवारच्या आत हवाय. गुरू म्हणाले, आपल्या माणसाकडेच द्या. पण एक अट आहे. न उघडता बांधायचा."

"तोंड न उघडता दाढ काढून घेता येते का?" बाइंडरताई म्हणाली.

"डोळे मिटून बांधा. दृष्टीचा प्रश्न आहे. तुमच्या भल्यासाठी सांगतोय." आणि तो गेला.

ग्रंथ तिने कामाच्या टेबलावर ठेवला. बारा वर्षांत हजारो पुस्तकं तिच्या हाताखालून गेली होती, पण कुठल्याच पुस्तकाला ती घाबरली नव्हती. आज मात्र दोनदा इकडेतिकडे पाहून तिने मखमलीची गाठ सोडली. एक डोळा मिटून, दुसरा किलकिला करून तिने पान उलटलं. दृष्टी गेली नाही. उलट सगळं अगदी स्वच्छ दिसलं.

पाण्याचे पंप. सुटे भाग. सचित्र सूची.

पान चारशे बारा : रबरी वॉशर, अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची. पान चारशे तेरा : तोटीचे आटे. बाराशे वर्षं कुठली, कागद पाहूनच तिला कळलं की फार तर वीस वर्षांची छपाई. चित्रं सुंदर होती. सातही लिप्या एकच होत्या, तिसरीतल्या पोराला वाचता येतील अशा.

मग तिच्या हाताला पुढच्या पुठ्ठ्याचं वजन खटकलं. पुठ्ठा एवढा जड असत नाही. तिने कडेचा कागद ओला करून सोडवला. आत वहीच्या आकाराची लोखंडी पट्टी! सासूबाईंच्या हाडावर तीन वेळा उतरली ती हीच. आणि मखमलीच्या आतल्या बाजूला, कण्याजवळ, बोटभर खिसा शिवलेला. खिशात काळे चकचकीत खडे, जवळजवळ मूठभर. मासे पाळणारे लोक काचेच्या पेटीच्या तळाशी पसरतात, तसले.

ती स्टुलावर बसली. आधी तिला हसू आलं, मग संताप आला. या माणसासाठी ती बाही ओढत फिरत होती. याच्या शब्दावर तिने स्वतःला पापी ठरवलं होतं.

पुस्तक तिने बांधलं, आणि असं बांधलं की कारखान्याच्या मालकांनी पाठ थोपटावी. फॉर्मे, म्हणजे पानांचे दुमडलेले गठ्ठे, सुटे करून पुन्हा शिवले, नवा कणा, नवं कापड. लोखंडी पट्टी होती तिथंच ठेवली, फक्त वरचा कागद खळीच्या चार टिपक्यांवर चिकटवला. आणि ज्या पुस्तकाला नाव नसतं ते पुस्तक बाहेर जाऊ द्यायचं नाही हा कारखान्याचा नियम पाळून कण्यावर सोनेरी अक्षरांत ठसठशीत नाव उठवलं. वरून मखमल चढवली, खडे खिशात, गाठ घट्ट. मफलरवाला येऊन घेऊन गेला. "उघडलं नाही ना?" "डोळे शाबूत आहेत ना माझे?" ती म्हणाली. तो समाधानाने गेला.

रविवारी ती आणि सासूबाई उजाडताच रांगेत पहिल्या. दुसऱ्या कुणावर तो रट्टा पडायला नको होता.

"पाहा कोण आलंय!" गुरू मंचावरून गरजले. "आपली पहिली बरी झालेली बेटी! ये, तुझा अनुभव सांग!"

बाइंडरताई वर गेली. शेकडो डोळे समोर. तिने बाही वर केली आणि हात उंच धरला.

"माझी गाठ परत आलीय. दोन महिन्यांपूर्वीच. मी लपवून ठेवली, हे माझं चुकलं."

सभागृहात कुजबुज उठली. गुरू क्षणभरही डगमगले नाहीत. "शंका! बघा लोकहो, शंकेचं फळ!"

"मग पुन्हा मारा ना," ती म्हणाली. "पण आधी एवढं वाचून दाखवा. सहावी लिपी तुम्हाला येते ना?" आणि त्यांनी हात पुढे करायच्या आत तिने मखमलीची गाठ ओढली.

कण्यावरची सोनेरी अक्षरं दिव्यात झळकली. पुढच्या रांगेतल्या शिंपिणीने ती मोठ्याने वाचली, "पाण्याचे पंप... सुटे भाग?"

"डोळे मिटा!" गुरू ओरडले. "सगळ्यांनी डोळे मिटा! दृष्टी जाईल!"

काहींनी खरंच मिटले. बाइंडरताईने मधलंच पान उघडून वाचायला घेतलं. "रबरी वॉशर, अर्धा इंची. रबरी वॉशर, पाऊण इंची. हे मला सहा महिन्यांपूर्वी माझ्या मनगटावर वाचून दाखवलंत ना?" मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू रांगेरांगेने पुढे सरकत आलं. तिने मखमल उलटी करून झटकली. खडे टपटप टेबलावर पडले, गडगडत जमिनीवर गेले. "आणि हे तुमचे साठे. ज्यांच्या गाठीतून निघाले त्यांनी घरी जाऊन जुळवून बघा. सगळे एकाच पिशवीतले आहेत." शेवटी पुठ्ठ्यावरचा कागद टरकावून लोखंडी पट्टी काढली आणि टेबलावर आपटली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

गुरू मात्र खरे कलावंत. दाढीवरून हात फिरवत त्यांनी स्वर खाली आणला. "अनधिकारी हात लागला. ग्रंथाने रूप पालटलं. बाराशे वर्षांची अक्षरं या बाईने एका क्षणात पुसली."

आणि खोटं का सांगा, पाच-पन्नास डोकी हललीसुद्धा. एक गृहस्थ म्हणाले, "असेल बुवा. कोप झाला असेल." आपण फसलो हे मान्य करण्यापेक्षा पुस्तकाने रूप पालटलं हे मान्य करणं माणसाला सोपं जातं.

तेव्हा सासूबाई खुर्चीवर चढल्या. प्लास्टरचा हात त्यांनी पुढे केला आणि चौतीस वर्षांचा तो आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत नेऊन पोहोचवला. "रूप पालटलं ते आत्ता ना? मग गेल्या रविवारी माझं हाड कशाने मोडलं? तेव्हा तर ग्रंथ अस्सल होता! आणि माझ्या गाठीतून खडा निघाला म्हणालात. डॉक्टर सांगतात, ती गाठच नाही, माझं हाड आहे. हाडातून माशांच्या पेटीतला खडा निघतो होय हो?"

कॅशियर उठली, "माझ्या हाताला अजून मुंग्या येतात." तिच्या पाठोपाठ दुसरा उठला, तिसरा उठला. इतके दिवस घराघरांत गप्प बसलेली माणसं एकामागून एक हात दाखवू लागली. गुरू "ध्यानाला बसतो" म्हणून रंगपटात गेले. दार उघडलं तेव्हा आत फक्त कंगवा होता. मफलरवाला त्यांच्या आधीच पसार झाला होता.

सासूबाईंनी एक्स-रे, पट्टी आणि पंपांची सूची पोलिसांत नेऊन दिली. तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराने सूचीची पानं चाळत विचारलं, "यात तीन इंची वॉशर असतील का हो? घरी गळतंय." पुढे बऱ्याच दिवसांनी बातमी आली की दुसऱ्या कुठल्याशा गावात एक गुरू गुडघे बरे करतो. पुस्तक नाही, आता मोठी घंटा आहे म्हणे. त्या पोलिसांनाही सासूबाईंनी पत्र धाडलं, स्वतःच्या हाताने, वाकड्या अक्षरात.

बाइंडरताईने डॉक्टरीणबाईंकडून गाठीतला द्रव सुईने काढवून घेतला. जेलीचा तो थेंब तिने डोळ्यांनी पाहिला. "पुन्हा भरू शकते, हे आधीच सांगते," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ती भरलीही, थोडी लहान. मग दोघींनी बसून विचार केला. ऑपरेशन करता येतं, पण व्रण राहतो, काही दिवस हात बंद राहतो आणि त्यानंतरही काही जणांची परत येते. बाइंडरताईने ठरवलं, सध्या राहू दे. जड कामाच्या दिवशी ती मनगटाला आधारपट्टा लावते, दाबायचं काम तळव्याऐवजी यंत्राने करते. दुखणं वाढलं, बोटं बधिर झाली किंवा गाठ भराभर वाढली तर परत जायचं, एवढं पक्कं आहे. बाही मात्र आता वर असते.

पण लोकांची गंमत बघा. एके दिवशी कारखान्यात एक ट्रकचालक आला. बोटाच्या पेरावर गाठ. म्हणाला, "ताई, तुम्हाला त्यातली सगळी मेख कळलीय म्हणतात. इथे जाड पुस्तकंही ढिगाने आहेत. द्या की एक ठेवून!"

बाइंडरताईने हातातला पुठ्ठा खाली ठेवला. "मी मारलं आणि गाठ बसली, तर उद्या तुम्ही माझाच फलक लावाल."

"लावू की! तुमच्यावर विश्वास आहे माझा."

"तोच नको," ती म्हणाली. "माझ्यावरही नको. हातांच्या डॉक्टरांकडे जा. त्या सांगतील त्यावर 'कशावरून' म्हणून विचारा. चांगला डॉक्टर त्याचा राग धरत नाही. जो धरतो, मग तो दाढीवाला असो की कोटवाला, त्याच्यापुढे हात पसरायचा नाही."

ट्रकचालकाने क्षणभर स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कशावरून?" त्याने विचारलं.

"हं," बाइंडरताई म्हणाली आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "आता बसा. आता बोलू."